दारफळणीच्या सणाला आईला घेऊन ठाण्याला यायचंय, राहायचं कुठे आणि जेवायचं काय?

साबरमतीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहायला अहमदाबादला, पण घरात अजून मराठीच चालते. आई ७६ वर्षांची आहे, तिचं लहानपण मांडवीला इस्रायल मोहल्ल्यात गेलं, लग्न होऊन इकडे आली ती इकडचीच झाली. इथे आमचं मागेन अब्राहम सिनेगॉग आहे, १९३४ चं, फार सुंदर आहे आणि आम्ही सगळे सण तिथेच करतो, पण मागच्या किप्पूरला (दारफळणीचा सण तो हाच, आमचा प्रायश्चित्ताचा उपास) आई घरी येताना म्हणाली की मला एकदा भरलेल्या मशिदीत दारफळणी करायचीय, लहानपणी बसायला जागा नसायची तशी. (ती अजूनही सिनेगॉगला मशीदच म्हणते, जुनी माणसं म्हणायची तसं.) तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की यंदा तिला न्यायचंच.

यंदा किप्पूर २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतोय, २१ ला शोफार (उपास संपताना वाजवतात ते मेंढ्याचं शिंग). आणि खिरीचा सण (सुक्कोथ) २५ च्या संध्याकाळपासून. म्हणजे साधारण आठवडाभर राहायचं आहे, मी, आई आणि माझी मुलगी. नात्यातले बहुतेक सगळे इस्रायलला गेले, कोणी अश्दोदला कोणी दिमोनाला, मुंबईत हक्काने जाऊन राहावं असं घर आता उरलं नाही, म्हणून हॉटेल किंवा गेस्ट हाऊस बघावं लागणार.

अडचण अशी की आई शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) आणि सणाला गाडीत बसत नाही, लिफ्टही वापरत नाही. तीन वर्षांपूर्वी भाचीच्या मेंदीला मुंबईत आलो होतो तेव्हा एका हॉटेलमधे खालची खोली सांगून ठेवली होती, ऐनवेळी पाचव्या मजल्यावरची दिली, दार पण कार्डाने उघडणारं, तेही तिला शब्बाथला चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळ होऊन गेलेली, आई पाच जिने चढली आणि दुसऱ्या दिवशी गुडघा हा एवढा सुजला, मेंदी तिने खुर्चीत बसूनच बघितली. ते परत व्हायला नको.

तर विचारायचं हे की मुंबईत राहावं की ठाण्यात? सिनेगॉगपासून चालत जाता येईल असं राहायला काही आहे का? आणि खाण्याचं कसं करायचं, आई बाहेरचं मटण-चिकन अजिबात खात नाही, कोशर (आमच्या धर्माच्या आहारनियमांप्रमाणे) मिळालं तरच. अजून एक, तिला जुनी मशीद बघायचीय. ते एका दिवसात जमेल का?

---

टेंभीनाका_जुना

ठाण्यातच राहा. दुसरा विचारच करू नका. मी इथे जन्मापासून आहे, सांगतो का ते.

मुंबईतली सिनेगॉग मोठी आहेत, देखणी आहेत, पण माणसं आता ठाणे आणि त्याच्या पुढे राहायला गेलीत. भायखळा, उमरखाडी, जेकब सर्कल इथली घरं एकेक करून रिकामी झाली, काही इस्रायलला, काही आमच्यासारखे सेंट्रल लाइन धरून वर सरकले. कितीतरी जुन्या जागी आता शब्बाथला मिनियनचे (सामुदायिक प्रार्थनेला लागणारे) दहा पुरुष जमवायला फोन करावे लागतात. आमचं शाआर हाशामाईम, १८७९ चं, टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर, किप्पूरला खरंच भरतं. आईंना पाहिजे ती गर्दी इथे आहे. नेईलाच्या, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळेला सगळे पांढऱ्या कपड्यात उभे असतात, शोफार वाजतो आणि मग हात बोशी सुरू होते, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, बोटं ओठांना लावायची, पुढच्याकडे जायचं, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, अर्धा अर्धा तास चालतं. मला अजून दरवर्षी भरून येतं.

राहायचं म्हणाल तर सिनेगॉग स्टेशनपासून चालत पंधरा एक मिनिटांवर आहे, मधल्या भागात स्टेशन, तलावपाळी, कोर्ट नाका इथे साधी लॉज आणि मध्यम हॉटेलं बरीच आहेत. बुकिंग ॲपवरून करू नका, म्हणजे शोधा ॲपवर पण मग फोन करा आणि तीन गोष्टी मॅनेजरकडून लिहून घ्या: पहिला मजला, दाराला साधी किल्ली, आणि २० तारखेला संध्याकाळी पाचनंतर खोलीत काही सर्व्हिस नको. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं असलं की काउंटरवरचा माणूस बदलला तरी दाखवता येतं. आणि जमलं तर आदल्या दिवशी परत फोन करा.

जागेचं पण सांगतो. जुन्या सिनेगॉगमधे बायकांची बसायची सोय वर गॅलरीत असते, आईंना जिना जमणार नाही, तर कमिटीला आधी कळवा की वयस्कर बाई येतायत, खाली खुर्ची लागेल. सणाच्या दिवशी दारात जाऊन सांगू नका, त्या दिवशी कोणाला कोणाचं ऐकायला वेळ नसतो. कळवताना तिघांची ओळखपत्रं पण पाठवून ठेवा, पोलिस बंदोबस्त असतो आणि बाहेरगावचा माणूस म्हटलं की विचारतात. आईंचं माहेरचं आडनाव सांगा, पाच मिनिटात कोणीतरी नातं काढेल.

---

ठाणेकर_मी

मी ज्यू नाही पण टेंभी नाक्याच्या मागेच राहते, तारखा बघितल्या म्हणून लिहिते. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतायत, म्हणजे २० ला सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. नेमकी तुमची उपासाची संध्याकाळ. मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, आजूबाजूला रस्ते बंद असतात, ढोल-ताशे, आणि वर रविवार म्हणजे सेंट्रल लाइनला मेगाब्लॉक असायची पण शक्यता. त्यामुळे हॉटेल तलावपाळीच्या अगदी समोर घेऊ नका, कोर्ट नाक्याच्या बाजूला घ्या, म्हणजे आजींना विसर्जनाच्या गर्दीतून चालावं लागणार नाही. आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो तर पाचलाच निघा.

आणि २५ ला अनंत चतुर्दशी आहे, त्या दिवशी मुंबईत जायचं नाव काढू नका.

तुमच्या सणांच्या आणि आमच्या सणांच्या तारखा अशा शेजारी शेजारी का येतात हे मला शाळेतल्या मैत्रिणीने समजावलं होतं, तिच्या घरचे सिनेगॉगमधे जायचे. दोन्ही पंचांगांत महिना चंद्रावर, म्हणून तुमचा नव्याचा सण (नवं वर्ष) अमावस्या सरली की येतो, एखाद्या वर्षी घटस्थापनेला लागून तर एखाद्या वर्षी गणपतीच्या तोंडावर. २०२४ ला १२ ऑक्टोबरला दसरा आणि तुमचा किप्पूर एकाच दिवशी होता, २०२५ ला २ ऑक्टोबरला परत तसंच. टेंभी नाक्याची देवी म्हणजे ठाण्यातली सगळ्यात मोठी गर्दी, आणि त्याच रस्त्यावर पांढरे कपडे घालून मंडळी प्रार्थनेला चाललेली. त्या मानाने यंदा सोपं जाईल तुम्हाला.

---

चिकाचाहलवा

साबरमतीकाठ भाऊ, जेवणाचं मी सांगते, तीस वर्षं तेच करतेय.

पहिलं म्हणजे ठाण्यात कोशर हॉटेल शोधत बसू नका. समाजातले बहुतेक लोक बाहेर गेले की सरळ शाकाहारी खातात, किंवा खवल्यांचा मासा जिथे विश्वास आहे तिथे. शुद्ध शाकाहारी हॉटेलात मटण-दुधाचा प्रश्नच येत नाही, कोलंबी-खेकड्याचा तवा नसतो, त्यामुळे आईंना इडली, डोसा, राइस प्लेट सगळं चालून जाईल. त्या भांड्यांबाबत फार कडक असतील तर मात्र घरून एक छोटा राइस कुकर, दोन ताटं, एक सुरी आणा, खोलीत खिचडी होते. हॉटेलला आधी विचारून ठेवा, काही ठिकाणी खोलीत शिजवू देत नाहीत.

मटण हवंच असेल तर आपल्या शोखेतने (धर्माच्या नियमाने कापणाऱ्याने) कापलेलं ठाण्यात मिळायची सोय असते, पण ते दुकानात जाऊन मागायची गोष्ट नाही, कमिटीतल्या कोणाला तरी आठवडाभर आधी सांगावं लागतं आणि मग शिजवून देणारी एखादी मावशी पण तेच शोधून देतात. आमच्याकडे सणाच्या आठवड्यात डबा करून देणाऱ्या दोघी-तिघी आहेत, नारळाच्या दुधातलं मटण, वर आंबट वरण, भात. परक्या माणसाला नारळाच्या दुधाचं कौतुक वाटतं पण आपल्याकडे ते मुळात एवढ्यासाठीच की मटणात दही-दूध घालता येत नाही.

उपासाच्या आदल्या जेवणाबद्दल एक मनापासून सांगते. ठाण्यात आलं की सगळे मामलेदार मिसळ खा म्हणतील, खावी, पण २० तारखेला नाही. तिखट खाऊन पंचवीस तास पाण्याशिवाय काढणं फार जड जातं, मी एकदा माझ्या सासूबाईंचे हाल बघितलेत. त्या दिवशी दुपारपासून पाणी भरपूर, आणि शेवटचं जेवण साधं, वरण-भात, बटाट्याची भाजी, मीठ कमी. आईंना बीपीची किंवा शुगरची गोळी असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. जीवाला धोका असेल तर उपास सोडायचा हा धर्माचाच नियम आहे, हे त्यांना हज्जानच्या (प्रार्थना चालवणाऱ्याच्या) तोंडून ऐकवलंत तर पटेल, मुलाने सांगितलेलं पटत नाही.

आणि चामड्याची चप्पल नको त्या दिवशी, रबरी किंवा कापडी आणा. तुमच्या मुलीला डोक्यावर घ्यायला ओढणी. उपास सोडायला मनुकांचं सरबत करून बाटलीत ठेवा, काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घातल्या की झालं, सिनेगॉगमधे पण असतं पण गर्दीत हाताला येईपर्यंत वेळ जातो.

चिकाचा हलवा, गव्हाच्या चिकाचा, मी नव्याच्या सणाला करते, तुम्ही याल तोपर्यंत उरला तर ठेवते. नारळाच्या दुधातला आहे, म्हणजे मटणानंतरही चालेल.

---

कुलाबा२१

थोडं वेगळं मत. कुलाब्याला राहिलात तर नरिमन हाऊसमधलं खबाद हाऊस (ज्यू धार्मिक केंद्र) चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे शब्बाथचं कोशर जेवण आधी कळवलं तर मिळतं, आणि काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू पण फार लांब नाही. नरिमन हाऊस २६/११ नंतर बंद होतं ते २०१४ ला परत सुरू झालं. बाहेरदेशीचे लोक बरेच असतात, इंग्रजी आणि हिब्रू चालतं. ज्याला खाण्याचं अगदी काटेकोर पाळायचं आहे त्याला मुंबईत हेच सगळ्यात सोपं.

---

टेंभीनाका_जुना

कुलाबा२१, माहिती बरोबर आहे, आणि इस्रायलहून कोणी आलं की मी पण त्यांना तिकडेच पाठवतो. पण ह्या आईंना जे हवंय ते तिकडे नाही मिळणार. त्यांना मराठीत कुजबुजणाऱ्या बायकांमधे बसायचंय, शेजारीण म्हणेल अगं तू अमक्याची ना, ते हवंय. जेवण डब्यातून आणता येतं, हे आणता येत नाही.

शिवाय शिळा सण. किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ ला, आपल्यात एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा, आमची आजी म्हणायची की पूर्वजांचे आत्मे सणाला आलेले असतात ते त्या दिवशी निरोप घेतात. कुलाब्यातल्या हॉटेलात बसून कोणाकडे जाणार?

---

सॅम्युएल_स्ट्रीट

जुन्या मशिदीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा तिथले.

आई जुनी मशीद म्हणतायत ते शाआर हारहमीम, १७९६ चं, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. सामाजी हसाजी (सॅम्युएल) दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, जिवंत सुटून आले आणि मग हे बांधलं. रस्त्याचं सॅम्युएल स्ट्रीट नाव त्यांच्यावरूनच. मस्जिद स्टेशनचं नाव ह्याच मशिदीवरून पडलं असं आमच्यात सगळे सांगतात, मी पण लहानपणापासून तेच ऐकलंय.

जाणं: ठाण्याहून स्लो लोकलने मस्जिदलाच उतरा, फास्ट तिथे थांबत नाही. फास्टने आलात तर भायखळ्याला बदला, नाहीतर सीएसएमटीहून टॅक्सी. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ गाठा, नंतर हातगाड्या आणि मसाल्याच्या-सुक्यामेव्याच्या पोत्यांनी रस्ता एवढा भरतो की वयस्कर माणसाला चालवत नेणं कठीण. आणि आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका, रोज उघडं नसतं, कमिटीकडून केअरटेकरला निरोप गेला पाहिजे. बाहेरून इमारतींच्या रांगेत पटकन लक्षातही येत नाही, दारात पोचलात तरी वाटतं चुकलो. आत गेलात की मात्र सगळा गोंगाट मागे राहतो.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, आईंनाही सांगा. मोहल्ल्यात आता आपलं जवळजवळ कोणी नाही. त्या घर शोधतील, ओळखीची खिडकी शोधतील. मी माझ्या वडिलांना २०१२ ला नेलं होतं, ते एका गोदामासमोर दहा मिनिटं उभे राहिले, मग म्हणाले चल. परत येताना लोकलमधे एक शब्द बोलले नाहीत आणि रात्री जेवताना मात्र अकरा वाजेपर्यंत गोष्टी सांगत बसले, कोणाचं लग्न कुठल्या माळ्यावर झालं, मलिद्याचे (नवसाच्या प्रसादाचे) पोहे कोण धुवायचं, सिम्हात तोराच्या सणाच्या रात्री पोरं एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात कशी पळायची. तेव्हा मी फोनवर रेकॉर्ड केलं नाही. तुम्ही करा.

त्याच दिवशी भायखळ्याचं मागेन डेव्हिड पण करता येईल, १८६४ चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं, घड्याळाचा मनोरा आहे. आवारातल्या ससून शाळांमधे आता बहुतेक मुलं मुस्लिम आहेत आणि मधल्या सुट्टीत सिनेगॉगच्या समोरच खेळत असतात. आईंना बसायला पटांगण आणि सावली पण आहे. केनेसेथ एलियाहू, १८८४ चं, ते जेकब ससूनने बांधलं, २०१९ ला दुरुस्त होऊन परत उघडलं, तिथे ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. पण तीन ठिकाणं एका दिवसात नका करू, गुडघ्याचं ऐकलंय वर.

---

साबरमतीकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं. ठाणेच ठरलं. ठाणेकर_मी ताई, विसर्जनाचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी तलावासमोरचंच हॉटेल घेणार होतो, फोटो छान होते.

प्रवासाचा एक प्रश्न राहिला. शनिवारी १९ ला शब्बाथ म्हणजे निघता येणार नाही, रविवारी पोचून त्याच संध्याकाळी उपास म्हणजे आईला दगदग. मग शुक्रवारी १८ ला सकाळी पोचू का? आणि अहमदाबादहून येताना उतरायचं कुठे, दादर की बोरिवली?

चिकाचाहलवा मावशी, आईने विचारलंय की तुम्ही गहू किती दिवस भिजवता. ती तीन म्हणते.

अजून एक, २३-२४ मोकळे आहेत. अलिबाग जमेल का?

---

टेंभीनाका_जुना

शुक्रवारी सकाळीच या, अजिबात रविवारी नको. शनिवारी शब्बाथला सिनेगॉगमधे येऊन जा म्हणजे आईंना रस्ता, जिना, बसायची जागा सगळं बघून होईल आणि चार तोंडं ओळखीची होतील, किप्पूरला परकं वाटणार नाही.

रात्रीची गाडी घ्या. दादरला उतरलात तर वेस्टर्नमधून सेंट्रलला यायला पूल चढावा लागतो, सकाळी साडेआठच्या पुढे ती गर्दी आईंना झेपणार नाही. त्यापेक्षा बोरिवलीला उतरा आणि टॅक्सीने घोडबंदर रोडने या. सकाळी लवकर असेल तर बरं, नंतर तो रस्ता पण तुंबतो.

---

नवगाव_किनारा

अलिबाग २३ ला करा, २४ आराम ठेवा, २५ ला परत सण लागतोय. ठाण्याहून गाडी करून पनवेल-पेण रस्त्याने जाता येईल पण गणपतीत त्या रस्त्याचं काही सांगता येत नाही, मी तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो सांगेन, गाडीसकट जाते आणि बसायला आत जागा आहे, गेटवेच्या लाँचमधे चढ-उतार करणं आईंना अवघड जाईल.

अलिबागमधे इस्रायल आळीत मागेन आबोथ आहे, १८४८ चं, नंतर १९१० ला परत बांधलं. तिथून थळच्या बाजूला नवगाव, आपले सात पुरुष आणि सात बायका जिथे लागल्या असं सांगतात ती जागा, समुद्राजवळ जुनं कबरस्तान आणि स्मारकाचा स्तंभ आहे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, ते सगळं ह्याच गावांतलं. आईंचं माहेरचं आडनाव ज्या गावावरून असेल ते गाव पण बहुतेक तासाभरात सापडेल, सांगा इथे, मी रस्ता सांगतो.

खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा (एलियाहू पैगंबराचा) टापा आहे, अलिबाग तालुक्यातलं खंडाळा बरं का, घाटातलं नव्हे, टॅक्सीवाल्याला हे नीट सांगा. खडकावर त्यांच्या रथाच्या चाकाच्या खुणा आहेत असं मानतात. नवस बोलायचा असेल किंवा फेडायचा असेल तर मलिद्याचं सामान घेऊन जा, पोहे, गूळ, खोबरं, फळं. खडकापर्यंत थोडं चालावं लागतं, पावसाने निसरडं असेल, काठी असू दे.

---

चिकाचाहलवा

तीनच दिवस. रोज पाणी बदलायचं. आईंना सांगा बरोबर आहे त्यांचं.

आणि साबरमतीकाठ, डब्याचं मी बोलून ठेवलंय, शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिघांचा डबा हॉटेलवर येईल, शब्बाथचं रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशीचं दोन्ही. हॉटेल कुठलं ते ठरलं की मला मेसेज करा. २२ ला शिळ्या सणाला दुपारी माझ्याकडे या तिघं, तळमजला आहे, जिना नाही.

---

साबरमतीकाठ

मावशी, काय बोलू. मेसेज केलाय.

नवगाव_किनारा, आईचं माहेर पेणकर. पण ती म्हणते आम्ही पेणचे नाही, आजोबांच्या तोंडी चौलचं नाव जास्त असायचं. दोन्ही एका दिवसात होईल का, का पेण येताना रस्त्यात करू?

---

नवगाव_किनारा

चौल अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्यालाच आहे, ते २३ ला अलिबागबरोबरच होईल, आणि रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग पण थोडं पुढेच. पेण मात्र परतीला रो-रो न धरता रस्त्याने आलात तरच. सकाळी सातच्या आत ठाणं सोडा.